न विचारता सरकवलेली ओळ

वर्गात उशिरा पोचलं की उरेल त्या खुर्चीवर बसावं लागतं. उर्जा बसली ती सिद्धेशशेजारी, आणि ट्युटरने बसल्या जागीच जोड्या पाडल्या. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या या कोर्समध्ये फंक्शनल प्रोग्रॅमिंगचा गृहपाठ दोघांनी मिळून द्यायचा. मात्र फळ्यापाशी कुणालाही बोलावत, आणि तिथे उत्तर समजावता आलं नाही की गुण जात. दोनदा असं झालं की परीक्षा हुकलीच! पण मुलगा साताऱ्याचा, हसला की गालाला खळी... उर्जाला वाटलं, नशीब काढलं.

कसलं नशीब न् कसलं काय! पुढच्याच आठवड्यात ट्युटरने तिला फळ्यापाशी उभं केलं. "तुमच्या प्रोग्रॅममधली 'व्हेअर' या शब्दाखालची ही ओळ इथून का सुरू होते?" तिने ती तिथून सुरू केलीच नव्हती. गुण गेले.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. तिने छत्रीसुद्धा उघडली नाही.

"माझ्या प्रोग्रॅमला हात लावलास तू?"

"अगं, सिन्टॅक्स एरर येत होती. फंक्शनच्या पोटातल्या व्याख्या सगळ्या एका रेषेत सुरू व्हायला हव्यात ना... तुझी एक डावीकडे होती. मी जरा सरकवली—"

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मग आता काय, आनंद झालाय? सगळ्यांसमोर शोभा झाली माझी! यापुढे मी विचारल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. कळलं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो पडेल आवाजात म्हणाला.

पुढच्या गृहपाठाला पठ्ठ्या खरंच स्वतःच्या हातांवर बसला. स्क्रीनवर पुन्हा तीच एरर. उर्जा चिडली, पुटपुटली, तिची कॉफी थंड झाली. तो नुसता बघत होता... स्क्रीनकडे कमी, तिच्याकडे जास्त. अखेर तिला सापडलं. एक व्याख्या एका जागेने आत गेली होती. तिने ती मागे ओढली आणि प्रोग्रॅम चालला!

"तुला कधी दिसली होती रे?"

"आल्झो... म्हणजे, तू टाईप केलीस तेव्हाच."

"आणि तासभर गप्प बसलास? माणूस आहेस की दगड?"

"तू विचारलं नव्हतंस." तो घुटमळला. "अजून एक गोष्ट आहे... तीही तू विचारली नाहीस."

उर्जाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रागानेच, तिने स्वतःला बजावलं.

"मग विचारते. बोल! आणि आधी ते हात काढ खालून."

त्याने काढले. दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या. तिने ते आपल्या हातांत घेऊन चोळायला सुरुवात केली.

"तू मला फार आवडतेस, उर्जा. ओरडतेस तेव्हासुद्धा."

"एवढंच होतं," ती हात न सोडता कडाडली, "तर हे नाही का न विचारता सांगायचं!"