गोठलेल्या नदीच्या तोंडाशी

लुशिएनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या कुत्रीच्या मागे गोठलेल्या पाण्यावर पोटावर सरपटत चालला होता, आणि मी काठावरून त्याला शिव्या घालत होते.

"मागे फिर. मूर्खा, मागे फिर."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. बर्फ फुटला तो त्याच क्षणी.

खरं तर तो दिवस फार छान सुरू झाला होता. रात्रभर बर्फ पडला होता, सकाळी शाळा बंद असल्याचा निरोप आला, आणि शाळेची नर्स असल्यामुळे सुट्टी मलाही होती. माझा भाऊ आणि वहिनी दोघंही हॉस्पिटलात कामाला. अशा दिवशी त्यांची टिल्डा आमच्याकडेच असते. सात वर्षांची ती पोरगी, मी, बाबा आणि रुटा कुत्री असे चौघं घसरगाडी घेऊन नदी सुपिरियर सरोवराला मिळते तिथल्या टेकडीवर गेलो. टिल्डाला मी लोकरीचे थर चढवले, सुके हातमोजे जास्तीचे घेतले, थर्मासमध्ये गरम कोको भरला, गाडीत ब्लँकेटं आणि दोर आहे ना ते पाहिलं. बाबा हसत होते. हेल्मी, म्हणाले, आपण टेकडीवर चाललोय, उत्तर ध्रुवावर नाही.

रुटाचा पट्टा सोडायचा नाही, एवढं मी त्यांना बजावून सांगितलं होतं. नदीच्या तोंडाशी खालून प्रवाह असतो, वरचा थर कधीच भरवशाचा नसतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दर डिसेंबरला शाळेत वर्गावर्गात जाऊन मीच ते सांगते— कुत्रा पाण्यात पडला तर काठावरून हाका मारा, त्याच्या मागे जाऊ नका. कुत्रा बहुतेक वेळा बाहेर येतो. माणूस येत नाही.

मी टिल्डाचा हातमोजा नीट करायला वाकले, आणि बाबांनी पट्टा सोडला.

रुटा सुसाट सुटली. कावळ्यांचा थवा उठला, तिने त्यांचा पाठलाग केला, आणि पाहता पाहता ती नदीच्या तोंडावरच्या पातळ थरातून खाली गेली. टिल्डा किंचाळली. मी तिला कोटाच्या टोपीला धरून मागे ओढलं आणि बाबांना दोर आणायला पिटाळलं. रुटाचं डोकं वर होतं, पुढचे पंजे कडेवर होते. मी तिला हाका मारत होते, आवाज शक्य तितका आनंदी ठेवून, जणू जेवायलाच बोलावतेय...

आणि तेवढ्यात हा माणूस कुठूनसा धावत आला, एक शब्द न बोलता माझ्या बाजूने पुढे गेला, आणि आडवा झाला.

बर्फ फुटला. तो छातीपर्यंत पाण्यात. त्याच गडबडीत रुटा दुसऱ्या बाजूने स्वतःच वर चढली, अंग झाडलं आणि टिल्डाकडे पळत आली. आता वाचवायचा राहिला होता तो वाचवायला आलेला.

गार पाण्याने त्याचा श्वास अडकला होता. मी ओरडले, आधी श्वास घे, बाकी काही करू नकोस. मग, जिकडून आलास तिकडे तोंड कर, कोपरं वर टेक, पाय झाड. वर आलास की उभा राहू नकोस, लोळत ये. बाबांनी दोर फेकला. दुसऱ्यांदा फेकला तेव्हा तो त्याच्या हाताला लागला, आणि आम्ही दोघांनी त्याला ओढून काढलं, जाळ्यातून मासा काढावा तसं.

गाडीत हीटर लावून मी त्याचे ओले कपडे काढले. हे सगळं फार रोमँटिक वाटत असेल तर वाटू दे. मला त्याला चापट मारावीशी वाटत होती. त्याचे दात वाजत होते, ओठ निळे होते, आणि तरीही तो हात एकमेकांवर चोळायला लागला.

"चोळू नका. मी नर्स आहे." मी त्याचे हात धरून ब्लँकेटात कोंबले. रागाचा पहिला लोट ओसरला होता, त्यामुळे मी 'तुम्ही'वर आले होते. "आधी छाती आणि पोट गरम होऊ द्या."

"थोडी व्हिस्की..."

"नाही."

"कुत्री... वाचली ना?"

"ती तुमच्यामुळे वाचली नाही. तुम्हाला कोणी बोलावलं होतं?"

"लहान मुलगी रडत होती." त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे तपकिरी होते, पापण्यांवर पाणी गोठलं होतं. "आणि पाण्याची मला सवय आहे, नर्सबाई. मी लुइझियानाचा. होडीतच जन्मलो म्हणा ना."

"तुमच्या पाण्यावर झाकण नसतं," मी म्हणाले.

तो कोको प्यायला आणि हसला. मला हसू आलं नाही. मी ब्लँकेटचं टोक त्याच्या मानेभोवती आणखी घट्ट खोचलं.

त्याला हॉस्पिटलात पोचवून घरी परतताना टिल्डा मागे रुटाला कुशीत घेऊन झोपली होती. मी बाबांना नाही नाही ते बोलले. आई गेल्यापासून तुम्ही कुठलाच नियम पाळत नाही, म्हणाले. आज एक माणूस मेला असता. बाबा म्हणाले की रुटा पट्टा ओढून ओढून रडत होती. तुझी आई शेवटी नळ्यांना बांधलेली होती ना, तशीच रडायची. "मला बांधलेलं कोणी बघवत नाही आता, हेल्मी."

राग मात्र गेला नाही. त्याला जायला जागाच उरली नाही, एवढंच.

ती जागा आठवड्याच्या आत लुशिएन थिबोडोने स्वतः होऊन पुरवली. तो ब्लँकेट परत करायला आला, धुऊन, घडी घालून. बरोबर कोळंबी आणि सॉसेजच्या तिखट रश्शाचं मोठं पातेलं. बंदरावरच्या जुन्या कारखान्यात लाकडी होड्या बांधायला तो शरदात आला होता. बाबांनी त्याला आत घेतलं, पातेलं संपवलं आणि रविवारी पुन्हा बोलावलं. मी स्वयंपाकघरातून विचारलं, मला कोणी विचारणार आहे का? लुशिएन दारात येऊन उभा राहिला. "नर्सबाई, मला बर्फ शिकवाल का? म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला एवढं ओरडावं लागणार नाही."

"पुढची वेळ आलीच तर मी ओरडणार नाही. घरी निघून जाईन."

पण शिकवलं. खाडीत, जिथे थर जाड होता तिथे. गिरमिटाने भोक पाडून जाडी कशी मोजायची, निळसर बर्फ आणि पांढरट बर्फ यांत फरक काय, कोट आतून ओला होण्याआधी चाल कधी मंद करायची. रुटा पट्ट्याला, पट्टा माझ्या हातात. तो मुद्दाम चुका करायचा, मी चिडायचे, आणि चिडले की तो डोळे बारीक करून माझ्याकडे असा पाहायचा... की पुढचं वाक्य मी विसरायचे. एकदा त्याचा मफलर नीट बसला नव्हता म्हणून मी तो ओढून घट्ट केला. माझे हात तिथेच राहिले. जरा जास्तच राहिले.

"गळा आवळताय," तो हळूच म्हणाला.

"तुमची तीच लायकी आहे."

"सोडू नका मग."

मी सोडला. पण त्या दिवशी घरी येताना वाऱ्यात माझे कान जळत होते आणि टोपी घालायची आठवण झाली नाही.

मार्चच्या मध्यावर बर्फ सैल व्हायला लागला. आणि बाबा जेवताना सहज बोलून गेले, बिचारा लुशिएन, होडी झाली की महिनाअखेर परत चालला.

मी ताटावरून उठले.

कारखान्यात दुपारचं ऊन उंच खिडक्यांतून आत पडलं होतं. ओल्या लाकडाचा आणि राळेचा वास होता. तो होडीच्या पोटावर रंधा मारत होता. मी दार आपटलं तेव्हा त्याने वर पाहिलं.

"तू चाललायस."

रागातच तोंडातून 'तू' गेलं. यावेळी मी ते मागे घेतलं नाही.

"काम संपलं की..." तो अडखळला. "म्हणजे, काम तसं होतंच ठरलेलं."

"बाबांना सांगितलंस. गावभर सांगितलं असशील. मला सांगावंसं वाटलं नाही?"

"कधी सांगू? तू कायम ओरडतच असतेस."

"कारण मला भीती वाटते." आवाज फाटला, पण थांबता येईना. "तू पाण्यात होतास तेव्हा मी तुला ओळखतही नव्हते, तरी तुझ्यावर एवढी चिडले की रात्रभर झोप लागली नाही. आता तर ओळखते. आईच्या वेळी मला चिडताही आलं नाही, सगळे म्हणाले शांत राहा. मी शांत राहिले आणि ती गेली. तुझ्या वेळी मी शांत राहणार नाहीये, कळलं?"

रंधा खाली ठेवल्याचा आवाज झाला. तो जवळ आला. त्याच्या बाह्यांवर लाकडाचा भुसा होता.

"मालक म्हणतात, आणखी एक होडी आहे. दोन वर्षांचं काम. मी अजून हो म्हटलं नाही." तो थांबला. "इथे बर्फासाठी कोण राहतं, हेल्मी? मला एवढंच ऐकायचं होतं, की कोणाला हवंय..."

"मला हवंय. मला तू हवा आहेस. राहा." हे मी इतक्या रागाने म्हटलं की तो एक पाऊल मागे सरला. मग मीच त्याला कॉलरला धरून पुढे ओढलं. त्याचे ओठ गरम होते. मार्चमध्ये, त्या थंडगार कारखान्यात, गरम.

थोड्या वेळाने त्याने खिशातून फोन काढला आणि आईला लावला. मी अजून त्याच्या शर्टाची बाही धरून होते.

"आई, मी या वसंतात येत नाहीये... हो, तीच... हो, आत्ताच ओरडून झालं." तो ऐकत राहिला, मग फोन माझ्यापुढे धरला. "विचारतेय, मला असं दम देणाऱ्या बाईशी दोन शब्द बोलता येतील का."

मी फोन घेतला. पलीकडे एका बाईचा वयस्कर, उबदार आवाज म्हणाला, त्याला पोहायला मीच शिकवलं गं पोरी, पण ऐकायला मात्र शिकवता आलं नाही.

"मी शिकवीन," मी म्हणाले, आणि माझा आवाज कधी खाली आला ते मला कळलंच नाही.