बिनसाखरेची बाटली

चिमूर मागे पडलं तेव्हा उजाडत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहाची फुलं पडत होती, अगदी सावकाश, एकेक करून. उघड्या खिडकीतून गोडसर, ओलसर वास गाडीत शिरला आणि वामनरावांचे डोळे मिटू लागले.

"रोशनी, न पिताच चढली वाटते मले," ते म्हणाले.

रोशनी खोब्रागडे हसली. ती चंद्रपुरात खाजगी तपासाची कामं घ्यायची. वामनराव शाळेत तिला इतिहास शिकवायचे, आता निवृत्तीनंतर तिच्या सोबतीने फिरायचे. तर्कात ते नेहमी दोन पावलं मागे असत. पण चहाचा वास त्यांना सर्वांच्या आधी येई.

गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडपाशी दिव्यानी वाट पाहत होती. अन्नतंत्रज्ञान शिकलेली, पंचविशीतली मुलगी. तिनेच फोन केला होता. इथे गावातल्या बायकांचा गट परवाना घेऊन मोहाची दारू गाळायचा आणि तिला संत्र्याच्या सालीचा स्वाद द्यायचा. दिव्यानीने एक बाटली पुढे केली. लेबलावर ठळक छापलं होतं: साखर शून्य. तीस मिलीत अठ्ठावन्न कॅलरी.

"या सगळ्या कॅलरी दारूच्याच," ती म्हणाली. "बाजारातल्या स्वादाच्या दारूत साखर ओततात. आपल्यात कणभर नाही. साखरेचं पोतं या शेडमध्ये कधी आलंच नाही."

"मग अडचण काय?"

"गेल्या आठवड्यात मी परीक्षेला गेली होती. परत आली तर टाकीतली दारू पस्तीस टक्क्यांऐवजी वीस टक्के दाखवते. सगळे म्हणतात, दारू गाळणाऱ्या सोमारीबाईनं ती काढून नेली न् पाणी भरलं. आज पाच वाजता बैठक आहे. तिला गटातून काढणार. प्रयोगशाळेचा अहवाल यायला अजून पंधरा दिवस."

"तुला काय वाटतं?"

"ती गडचिरोलीकडची. तिकडं दारूबंदी, तरी आईकडून ही विद्या शिकली. तिच्या हाताला चव आहे. या कामाशिवाय तिला दुसरं काही नाही."

देखरेख करणारा धनराज शेडमध्येच होता. त्याने काचेच्या उंच भांड्यात टाकीतली दारू घेतली आणि दारूचं प्रमाण दाखवणारा हायड्रोमीटर सोडला. काचेची नळी वर तरंगली. वीस.

"सोपं हाय, मॅडम. खालचा द्रव हलका असला त नळी बुडते, जड असला त वर येते. दारू हलकी, पाणी जड. म्हणजे पाणीच."

"टाकीपाशी कोण कोण येतं?"

"सोमारीबाई, आमची दिव्यानी आन् अध्यक्षबाई. मी फक्त मोजाले."

मागून वामनराव ओरडले. ते टाकीच्या तोटीखाली उभे होते आणि एक पाय झटकत होते. खाली सांडलेल्या थेंबांना मुंग्या लागल्या होत्या, आणि त्यातल्या काही त्यांच्या चपलेवर चढल्या होत्या.

"जंगलात मुंग्याही पित असतील," ते वैतागून म्हणाले. रोशनी खाली वाकून बराच वेळ पाहत राहिली.

गटाच्या अध्यक्ष आशाबाईंचं घर शेडला लागूनच होतं. चुलीवर चहा उकळत होता आणि स्वयंपाकघर धुराने निळसर झालं होतं.

"माझा बिनसाखरेचा, बाई. डायबिटीस हाय," वामनराव म्हणाले.

"द्या चिंता सोडून, गुरुजी. आमच्या घरी साखर येतच नाई."

पहिल्याच घोटाला वामनरावांचा चेहरा उजळला. "वा! गोड त हाय!"

"मोहाचा गोडवा हाय जी तो. साखरेचा दाणा नाई त्यात."

वामनराव एकामागून एक तीन कप प्यायले. रोशनीने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"आशाबाई, तुम्ही टाकीत पाणी टाकलं?"

"पाणी? देवाशप्पथ नाई!" त्यांनी पदराने डोळे पुसले. "सोमारी माझी तीस वर्षांपासूनची मैत्रीण. दोघी एका टोपलीत फुलं येचतो. मले लय वाईट वाटून राह्यलं. पण यंत्र कशाले खोटं बोलंल?"

"संत्र्याच्या सालीनं दारू कडू होत नाही?"

"पहिल्या खेपेले लय कडू झाली होती. शहरातल्या लोकांनी तोंडं वाकडी केली. या खेपेले बरी साधली."

सोमारी जवळच्याच मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत होती. तिची दोन कानांची मोठी टोपली अर्धी भरली होती. ती दोघींनी उचलायची टोपली होती. सोमारी एकटीच ती जमिनीवरून ओढत पुढे नेत होती.

"पाणी टाकलं?" रोशनीने विचारलं.

"नाई."

"या खेपेची चाखली?"

सोमारीचा हात थांबला. "चाखली."

"कशी होती?"

ती आशाबाईंच्या घराकडे पाहत राहिली. वरून दोन फुलं तिच्या केसांत पडली, तिने ती काढली नाहीत. "चांगली होती."

"आणखी काही सांगायचं आहे?"

"मले नाई. ज्याले सांगाचं हाय त्यानं सांगावं."

परत येताना वामनराव म्हणाले, "काहीतरी लपवून राह्यली ही बाई. मले त तिचाच संशय येते."

"लपवते आहे खरी, सर," रोशनी म्हणाली. "पण स्वतःचं नाही."

पाचच्या सुमारास सगळे त्याच झाडाखाली जमले. ऊन तिरपं, पिवळं झालं होतं. आशाबाईंच्या हातात ठरावाचा कागद होता. रोशनीने चूल पेटवायला सांगितली आणि टाकीतली वाटीभर दारू लोखंडी कढईत ओतली.

"आधी दारू उडून जाईल, मग पाणी," ती म्हणाली. "दोन्ही गेल्यावर कढई कोरडी राहिली तर सोमारीबाई दोषी."

निळी ज्योत उठली आणि विझली. वाफ निघत राहिली. वाफ संपली तेव्हा कढईच्या तळाशी तपकिरी, चिकट थर बुडबुडत होता आणि जळक्या गोडाचा वास सगळीकडे पसरला.

"गाळलेल्या दारूत गोड येत नाही. ते वाफेबरोबर वर चढतच नाही, हंड्यातच राहतं. म्हणजे हे नंतर टाकीत पडलं. धनराजभाऊ, नळी तुमच्याशी खोटं बोलली नाही. ती फक्त जड म्हणाली. पाणी हा शब्द तुमचा. विरघळलेला गोडवाही द्रव जड करतो. दारू पस्तीसच टक्के आहे, जवळजवळ. मुंग्यांना हे सकाळीच कळलं होतं. पाण्यासाठी त्या तोटीखाली रांग लावत नाहीत."

"पण साखर इथे येतच नाही!" दिव्यानी म्हणाली.

"सर, सकाळी चहा किती कप झाला?"

"तीन. बिनसाखरेचा," वामनराव म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा."

सगळे आशाबाईंकडे वळले.

"मी साखर नाई टाकली!" त्या म्हणाल्या. "मोहाचा पाक टाकला, दोन डबे. कडूपणा मारासाठी. मोहाच्या दारूत मोहाचाच पाक, त्यात काय बिघडलं? तुम्ही सगळे पाण्याचंच विचारून राह्यले होते. पाकाचं कोणी विचारलंच नाई."

"तो पाकही साखरच आहे, आशाबाई," रोशनी हळूच म्हणाली. "दर पेल्याला पाच-सहा कॅलरी वाढल्या, त्या थोड्याच. पण शून्य वाचून सरांसारखा माणूस तीन पेले घेईल. त्याला खोटं सांगितल्यासारखं होईल."

दिव्यानीने हातातल्या बाटलीचं लेबल नखाने सोलायला घेतलं. "बदलते मी," ती म्हणाली. "सगळी."

आशाबाई सोमारीकडे पाहत होत्या. "तुले ठाऊक होतं?"

"थेंब जिभेवर ठेवला न् समजलं. तुझ्या पाकाले तुझ्या चुलीचा धूर लागते."

"मग काऊन नाई बोलली?"

"तुझं नाव घेतलं असतं त तुझं अध्यक्षपद गेलं असतं. मले वाटलं, तू सोताच सांगशील." सोमारी थांबली. "तुले पाक न् पाणी यातला फरक समजला नाई, त्याचं काई नाई. मी चोरी करीन, हे तुले खरं वाटलं. हो ना?"

आशाबाईंनी हातातला ठरावाचा कागद चुलीत घातला. रोशनीला गुन्हा उकलल्याचा आनंद नेहमी होत असे, आज तो झाला नाही. तिला फक्त त्या दोघींचं वाईट वाटलं.

बैठक मोडली. सोमारी उठून टोपलीपाशी गेली आणि एका बाजूचा कान धरून उभी राहिली. मग मान न वळवता आशाबाईंना म्हणाली,

"ये. मले अजून राग हाय. पण टोपली जड हाय."