फुलाखालचं पिवळं टोक

“हा डबा नको, ह्याचं झाकण सैल आहे!”

“आणि हा? उचलून बघ, रिकामा असतानाच हात खाली येतोय!”

“ह्याची कडी तर माझ्या नाकावरच उडाली!” बटण नाक चोळत ओरडला.

सुट्टीतल्या त्या सकाळी तिघांनी दुकानातलं एक अख्खं कपाट उलथंपालथं केलं होतं. बारा वर्षांची फिरकी, तिचा सात वर्षांचा भाऊ बटण आणि शेजारचा भिंग्या, ज्याचा चष्मा त्याच्या चेहऱ्यापेक्षा मोठा होता. फिरकीची मावशी दर शनिवारी रुग्णालयातल्या आजारी मुलांना कागदकाम, मणीकाम शिकवायला जायची. कात्र्या, मणी, रंगीत दोरे, सगळं पिशव्यांत कोंबून न्यायची आणि वाटभर मणी सांडायची. शेवटी ती म्हणाली होती, “डबे तुम्हीच निवडून आणा. आतलं दिसेल असे, हलके, घट्ट कडीचे. नुसत्या दिसण्यावर जाऊ नका हं!”

फिरकी नेमकी दिसण्यावरच गेली! खालच्या फळीवर चार निळेशार डबे होते. धरायला ऐटदार मूठ, झाकणावर गुलाबी फुलांचं चिकटचित्र.

“पण ह्यांच्या आतलं कुठे दिसतंय?” भिंग्या म्हणाला.

“तुला चष्म्यातूनही दिसत नाही, त्याला डबा काय करणार? आणि निवडायचं मी, असं ठरलंय!”

तिने एक डबा उचलला. आतून कसलातरी उग्र वास आला. झाकणावरच्या फुलाची एक कड सुटली होती आणि तिच्याखालून पिवळ्या कागदाचं टोक डोकावत होतं. त्यावर काळ्या रंगात काहीतरी छापलेलं होतं. फिरकीला ते दिसलं, अगदी स्पष्ट दिसलं. पण आता हे भिंग्याला दाखवलं, तर डबे हातचे जाणार! तिने अंगठ्याने फूल दाबून पुन्हा चिकटवून टाकलं.

“एकदम नवे कोरे!” दुकानदार म्हणाला. “खाऊ ठेवलात तरी चालेल!”

दुपारी बटणाने मांडी ठोकून चारही डब्यांत मणी आणि दोरे भरले. संध्याकाळपर्यंत त्याचे तळहात लालबुंद झाले, डोळ्यांना धारा लागल्या.

“डिंकात हात घातलास ना?” मावशी त्याच्यावर कडाडली. “शंभरदा सांगितलंय, मोठ्यांना विचारल्याशिवाय डिंक उघडायचा नाही!”

“मी हातसुद्धा लावला नाही डिंकाला!”

“वर आणि खोटं बोलतोस?”

बटणाने ताईकडे पाहिलं. फिरकी दोऱ्याचं रीळ गुंडाळत बसली, गुंडाळलेलं सोडून पुन्हा गुंडाळत राहिली.  रडत रडत बटण आतल्या खोलीत गेला, तरी तिचं गुंडाळणं चालूच होतं.

मग एकदम तिच्या मनात आलं, उद्या शनिवार! उद्या हे डबे रुग्णालयात जाणार. तिथल्या मुलांना साधी सर्दीसुद्धा सोसत नाही!

एक डबा पिशवीत घालून ती धावत भिंग्याकडे गेली. हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून दोघांनी ओल्या फडक्याने एका डब्यावरचं फूल सोलून काढलं. खाली पिवळा कागद, त्यावर काळी कवटी! आणि ठळक अक्षरं: ‘उंदीर व झुरळांसाठी. विषारी. रिकामा डबा पुन्हा वापरू नये.’

“बाप रे!” भिंग्याचा चष्मा नाकावरून घसरला. “तुला कसं कळलं?”

“आत्ताच... कड सुटलेली दिसली.”

“काय नजर आहे गं तुझी!”

फिरकीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

कागद पाहून मावशी पांढरीफटक पडली. बटणाचे हात साबणाने तीनदा धुऊन तिने त्याला डॉक्टरकडे नेलं. “वेळेवर आणलंत. दोन दिवसांत बरा होईल,” डॉक्टर म्हणाले. सगळे मणी आणि दोरे फेकून द्यावे लागले. दुकानदाराने मात्र फोनवर कानावर हात ठेवले. “असले डबे आमच्याकडे नसतातच! पोरांनीच चिकटवलं असेल काहीतरी!”

“पोरांनी?” भिंग्या संतापला. “आता बघाच!”

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरकी आणि भिंग्या दुकानात हजर! मावशी दारापाशी झाडू पारखत उभी राहिली. दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं होती. फळीवर आणखी दोन निळे डबे होतेच.

“काका,” भिंग्या मोठ्याने म्हणाला, “ह्यात खाऊ ठेवला तर चालेल?”

“न चालायला काय झालं? नवे कोरे आहेत!”

फिरकीने खिशातून बिस्किट काढलं, डब्यात टाकलं, झाकण लावून खळखळ हलवलं. मग पिशवी घातलेल्या हाताने बिस्किट बाहेर काढून त्याच्यापुढे धरलं.

“घ्या काका, खा!”

दुकानदाराचा हात पुढे आला आणि वाटेतच थबकला.

“मला... मला गोड चालत नाही.”

“हे खारं आहे!” भिंग्या म्हणाला.

गिऱ्हाईकं हसली, मग हसता हसता गप्प झाली. एका आजीबाईंनी निवडलेला निळा डबा पटकन खाली ठेवला. मावशीने पिशवीतून डब्यावरचा सोललेला पिवळा कागद काढून सगळ्यांसमोर धरला.

मावशीने फोन केला आणि तासाभरात तपासणी अधिकारी आले. मागच्या खोलीत तसलेच पन्नास डबे आणि सोललेल्या पिवळ्या कागदांची बादली निघाली. “भंगारवाल्याकडून घेतले हो,” दुकानदार घाम पुसत म्हणाला. “पाण्याने खळखळून धुतले होते! जे कागद निघाले नाहीत, त्यांवर फुलं लावली! वाटलं, तेवढ्याने काय होतंय!”

अधिकाऱ्यांनी फिरकीची पाठ थोपटली. “शाब्बास! एवढ्या बारीक नजरेची मुलगी मी पाहिली नाही!”

भिंग्याने टाळ्या वाजवल्या. मावशीचे डोळे भरून आले. फिरकीचे कान तापले.

“नजर नाही!” ती ओरडलीच. “मला काल दुकानातच दिसलं होतं! वासही आला होता. मला निळे डबे हवे होते, म्हणून मी ते फूल दाबून बसवलं. आणि बटणाला बोलणी बसली, तेव्हाही गप्प राहिले!”

 भिंग्याने चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिला.

मावशी फिरकीला घेऊन घरी आली. बटण हाताला मलम लावून खिडकीत बसला होता. मावशी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“बाळा, तुझं काही चुकलं नव्हतं. मी उगीच रागावले, माझं चुकलं. आता तुझी ताई काय सांगते ते ऐक.”

फिरकीने सगळं सांगितलं. ह्या वेळी ते जास्त कठीण गेलं, कारण बटण एकटक तिच्या तोंडाकडे बघत होता.

“म्हणजे तुला माहीत होतं, मी डिंक घेतला नाही ते?”

“हो.”

त्याने तोंड फिरवलं. फिरकी तिथेच उभी राहिली. तिला निघून जावंसं वाटत होतं, पण ती गेली नाही.

“हिच्यामुळे रुग्णालयातली मुलं वाचली, हे खरं,” मावशी हळूच म्हणाली. “आणि हिच्यामुळे तुझे हात भाजले, हेही खरं. मग हिला शाबासकी द्यायची की नाही, ते तूच सांग.”

 बटणाने मलम लावलेल्या बोटांवर काहीतरी मोजून पाहिलं.

“अर्धी द्या,” तो म्हणाला.

मावशीने फिरकीच्या पाठीवर हात ठेवला, एकदाच, अलगद. काल भिंग्याने आणि आज अधिकाऱ्यांनी केलेलं कौतुक फिरकीला नुसतं टोचलं होतं. ही अर्धी शाबासकी मात्र तिने मान वर करून घेतली.