खल्फानच्या घरची कॉफी

ही घडलेली गोष्ट आहे. कुणाकडून ऐकलेली नाही. मी स्वतः तिथे होतो.

आणि रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. गेल्या ऑक्टोबरातली, ओमानमधली.

मी क्षितिज. न्यूझीलंडला, हॅमिल्टनच्या रोटोटुनात राहतो. आई गेल्यावर बाबांना पुण्याहून कायमचं इकडे आणत होतो. बाबा म्हणाले, "वाटेत चार दिवस मस्कतला थांबू." तरुणपणी ते ओमानात रस्त्याच्या सर्व्हेवर होते. तेव्हा तिथे तेलाचा पैसा नुकता यायला लागला होता. डोंगरातल्या एका गावात, खल्फान नावाच्या माणसाच्या घरी त्यांनी अख्खा हिवाळा काढला होता.

त्यांना खल्फानला भेटायचं होतं.

"बाबा, तो तेव्हाच पन्नाशीचा होता ना? मग आता?"

"जाऊन तर बघू."

दोन दिवस नुसते गाडीतून फिरलो. बाबांना काहीच ओळखू येईना. गाढवांच्या वाटेवर सहा लेनचा हायवे. खजुरीच्या बागेच्या जागी मॉल. मॅपवर त्या गावाचं नावच नाही. प्रत्येक राउंडअबाउटला बाबा म्हणायचे, "हे नाही रे... हेही नाही." आणि आमचं भांडण व्हायचं. माझं डोकं फिरलं होतं.

तिसऱ्या दिवशी बाबा एकदम ओरडले. "थांब! हाच तो डोंगर!"

पायथ्याशी नवे पांढरे बंगले. दारोदार मोठाल्या गाड्या. आणि वर, उतारावर, जुनं मातीचं गाव... पडलेलं. रिकामं.

बाबा उतरून चालू लागले. मी रागाने गाडीतच बसून राहिलो.

"लवकर या," एवढंच म्हणालो.

बराच वेळ झाला. ते आले नाहीत.

शेवटी मी वर गेलो. पाखरू नाही. माशी नाही. वारासुद्धा पडलेला.

आणि मग आवाज आला...

टण्... टण्... टण्...

पितळी खलबत्त्यात कुणीतरी काहीतरी कुटत होतं.

"बाबा!"

आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला... भिंतीपलीकडून. मी पलीकडे गेलो, तर तो अलीकडून. ज्या बोळात शिरावं, तो मला परत गाडीपाशी आणून सोडायचा. पुन्हा पुन्हा तेच. मी चिडून त्या भिंतींना शिव्या घातल्या.

मग वेलदोडा घातलेल्या कॉफीचा वास आला. त्या वासामागे गेलो.

एक घर. भिंती कमरेएवढ्या उरलेल्या. छप्पर नाही. वर रखरखीत ऊन.

आणि बाबा... सावलीत बसले होते.

फक्त तेवढ्या खोलीत सावली होती. मी आत पाऊल टाकलं. अंगावर गारवा आला.

बाबांच्या बोटांत काहीच नव्हतं. पण छोटा कप धरावा तसा हात धरला होता. पुरे म्हणायला तिकडे कप हलवतात, तसा त्यांनी तो रिकामा हात हलवला. आणि समोर बघून हसले.

"बस ना," ते मला म्हणाले. "खल्फान विचारतोय, मुलगा उभा का?"

"इथे कोणी नाहीये, बाबा! उठा!"

मी त्यांना दंड धरून ओढतच बाहेर काढलं.

तेव्हा मागून कुणीतरी बोललं...

अरबीत. म्हाताऱ्या, शांत आवाजात. एकच वाक्य.

बाबांनी वळून अरबीतच उत्तर दिलं. मी मागे बघितलं नाही.

खाली एका बंगल्यासमोर एक ओमानी आजोबा उभे होते. त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं. मी खल्फानबद्दल विचारलं.

"सगळ्यांना खाली नवी घरं मिळाली," ते म्हणाले. "तो एकटा आला नाही. म्हणायचा, माझे पाहुणे मला कुठे शोधतील? एका पावसात छप्पर अंगावर कोसळलं. गेला. तीस वर्षं झाली."

बाबांना जराही धक्का बसला नाही. ते माझ्यावरच चिडले होते. "दोन घोट घेतले असतेस तर काय बिघडलं असतं?"

घरी आल्यावर बायकोला, निवेदिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ऊन लागलं असेल रे दोघांना." डॉक्टरांनी बाबांची मेमरी टेस्ट घेतली. अगदी उत्तम. मित्र हसले. तो आवाज मीसुद्धा ऐकला, हे आता कुणाकुणाला पटवू?

ते वाक्य काय होतं, तेही बाबा सांगत नाहीत. "तुला बसायचं नव्हतं ना? मग राहू दे."

गेल्या आठवड्यात मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवत होतो. शेजारच्या अरोहाने कुंपणावरून हाक मारली.

"किआ ओरा! वडिलांचे पाहुणे बरेच दिवस राहिले की. रोज दुपारी तुमच्या दाराबाहेर उभे असतात. किती शांत आहेत! पण त्यांना साध्या रबरी चपला, जॅण्डल्स तरी द्या. या उन्हात काँक्रीट कसलं तापतं, आणि ते अनवाणी..."

मी बिन तिथेच सोडला.

घरात जाऊन बाबांना विचारलं, "दारात कोण असतं?"

त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

"मला काय विचारतोस? घर तुझं आहे. तू 'या' म्हटल्याशिवाय तो आत कसा येईल?"

आज मी घरूनच काम करतोय. दुपार झाली आहे. दार बंद आहे. काचेतून बाहेर कुणीच दिसत नाही...

बाबा दाराजवळ खुर्ची ओढून बसलेत. हळू आवाजात बोलतायत. मधेच थांबतात. ऐकून घेतात...

आणि मान वळवून माझ्याकडे बघतात.