निम्मा भत्ता

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून बेळगाव-निपाणी मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मोटारीच्या पाठीला बंबासारखी शेगडी असायची, आणि चढ आला की मोटार धापा टाकायची. त्या दिवशी तवंदीच्या चढावर ती थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर शेगडी ढोसायला लागला आणि आम्ही उतारू रस्त्याच्या कडेला उभे राहिलो.

मी बेळगावच्या खडेबाजारातून शाळेच्या मुलींसाठी सुया-दोरा घेऊन परत निघाले होते. थंडीचे दिवस, ऊन पिवळं पडलेलं, कुठल्याशा गुऱ्हाळातून गुळाचा वास येत होता... आणि माझं सगळं लक्ष सूर्याकडं. आम्हा जैनांच्या घरात दिवस बुडाल्यावर जेवण नाही. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

"आहे अजून थोडा वेळ," शेजारून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं. काळी टोपी, स्वच्छ धोतर, चेहऱ्यावर मिश्कीलपणा.

"कशाला वेळ?" मी विचारलं.

"जेवायला. तुम्ही मघापासनं सूर्याकडं बघताय. आमची आईबी अश्शीच बघती." त्यानं दगडावर फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, शेंगांची चटणी. "सांबऱ्याहनं, गावाकडनं आलोय. आईनं दोघांपुरतं बांधलंय. दुसरं कोण, ते काय तिनं सांगितलं न्हाय."

परक्या माणसाच्या फडक्यातली भाकरी घ्यायची म्हणजे... पण सूर्य डोंगराला टेकला होता. मी भाकरी घेतली. चटणी अशी झणझणीत की डोळ्यांत पाणी आलं.

"हळू," तो म्हणाला. "लोक म्हणतील, पहिल्याच भेटीत रडवलं."

"पहिल्याच म्हणजे? दुसरी होणार आहे की काय?"

तो नुसता हसला. मोटार सुरू झाल्यावर कळलं, की त्याला आमच्याच गावच्या नगरपालिकेत हिशेबनिसाची नोकरी लागली होती. नाव श्रीपाल.

गावाचं नाव मी सांगत नाही. निपाणीपासून दोन कोसांवर आहे एवढं पुरे. तिथल्या मुलींच्या मराठी शाळेत मी शिक्षिका होते. घरी मी आणि आई, दोघीच. वडील गेल्यावर मामा म्हणाला होता, "राजमतीचं लग्न करून टाकू." आई म्हणाली, "तिला शिकवू दे." तेव्हापासून आमची चूल माझ्या पगारावर पेटायची.

दुसरी भेट आठवड्याच्या आतच झाली. नगरपालिकेचं अंदाजपत्रक तयार व्हायचं होतं, त्यासाठी शाळेची दुरुस्ती बघायला श्रीपाल आला. मुली पाढे म्हणत होत्या आणि तो मान वर करून छपराकडं बघत होता.

"बाई, कौलं किती फुटलीत?"

"तुम्हीच मोजा. हिशेबनीस तुम्ही."

त्यानं मोजली, विसरला, परत मोजली. मुली तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या.

"आज काय जमंना," तो हळूच म्हणाला. "उद्या परत यावं लागंल."

तो उद्या आला, आणि त्यानंतरही आला... कधी फळ्याच्या रंगासाठी, कधी विहिरीच्या रहाटासाठी. आमच्या शाळेला इतकी दुरुस्ती लागते हे मलाही ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी रहाटापाशी उभं राहून तो म्हणाला, "माझी आई विचारती, ती दुसऱ्या भाकरीची मालकीण कोण?"

"काय सांगितलं तुम्ही?"

"सांगितलं, अजून विचारलं न्हाय तिला." तो थांबला. रहाटाच्या दोराशी त्याची बोटं चाळा करत होती. "विचारू?"

मी म्हणाले, "अंदाजपत्रक होऊ दे आधी तुमचं. मग बघू." आणि घरापर्यंत मी चालत गेले की तरंगत, ते मला आजही सांगता यायचं नाही.

मग अंदाजपत्रक झालं. सभेत मंजूर व्हायच्या आधी लोकांना वाचायला म्हणून ते कचेरीबाहेर लावलं होतं.

त्या सालात ज्वारी दुपटीनं महागली होती, रॉकेलसाठी रांगा लागत होत्या. म्हणून नगरपालिकेनं नोकरांना महागाई भत्ता द्यायचं ठरवलं होतं. आम्ही शिक्षिका हरखून वाचायला गेलो. पुरुष शिक्षकांना पुरा भत्ता. कुमारी व विधवा शिक्षिकांना निम्मा. आणि खाली एक ओळ होती: विवाहित शिक्षिकांना भत्ता नाही, कारण त्यांच्या पोषणाचा भार पतीवर असतो.

ते सुबक, गोल अक्षर मी ओळखत होते. शाळेच्या दुरुस्तीचे कागद त्याच अक्षरात असायचे.

तो कचेरीतून बाहेर आला तेव्हा मी तिथंच उभी होते.

"अक्षर फार छान आहे तुमचं," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. "बाई, अक्षर माझं हाय. हुकूम अध्यक्षांचा हाय. मी बोललो त्यांच्याशी, पण—"

"पण लिहिलंत."

"लिवलं. नोकरी हाय."

"माझीही नोकरीच आहे." मी पुढं बोलत राहिले. "निम्म्यात आई आणि मी भागवू कसंतरी. पण तुम्ही मला जे विचारणार होता ना... त्याला मी हो म्हटलं, की तो निम्माही जाणार, आणि नुसत्या पगारात या महागाईत आईचं भागायचं नाही. आईला मी काय सांगू? मी सासरी जाते, तू मामाच्या दारात बस?"

"मी बघीन की त्यांचं..."

"तुम्ही बघाल म्हणूनच तर ही ओळ लिहिली आहे त्यांनी."

मी घरी आले. आई भाकरी थापत होती. माझ्याकडं बघून तिनं पाट सरकवला. जेवण जाईना. त्याच्यावरचा राग खरा होता, आणि त्याचा पडलेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता हेही खरं होतं.

सकाळी मी मनुबाईंच्या वखारीत गेले. मनुबाई तंबाखूच्या व्यापारी, नवऱ्यामागं धंदा स्वतः सांभाळणाऱ्या. सरकारनं त्यांना नगरपालिकेवर सभासद म्हणून नेमलं होतं. सभेला त्या यायच्या, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सुपारी कातरायच्या, आणि सभा संपली की उठायच्या. त्यांना बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. वखारीत तंबाखूची धूळ उडत होती. मी शिंकत शिंकत सगळं सांगितलं.

"माझ्याकडं का आलीस गं?" त्यांनी विचारलं.

"सभेत दुसरी बाई नाही."

"मला त्येंची कचेरीची भाषा कळत न्हाय. म्हणून गप बसतो मी." आमच्याकडं बायकाही असं 'बसतो' म्हणतात. "त्यात काय लिवलंय, ते साध्या बोलीत सांग."

मी सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"सभेला येऊन बस," म्हणाल्या. "तुझ्या मैतरणींनाबी आण."

सभेच्या दिवशी आम्ही साऱ्या शिक्षिका मागच्या बाकांवर जाऊन बसलो. बायका सभा ऐकायला आल्या हे बघूनच सभासद सावरून बसले. टेबलाच्या टोकाला अध्यक्ष मारुतीराव, त्यांच्या डाव्या हाताला कागद घेऊन श्रीपाल. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी नजर खिडकीकडं वळवली... आणि तो बघायचा थांबला की नाही, हे बघायला परत आणली.

भत्त्याचा विषय निघाला. मारुतीराव म्हणाले, "यात बोलण्यासारखं काही नाही. पुढं चला."

"थांबा वाईच," कोपऱ्यातून आवाज आला. मनुबाईंनी अडकित्ता मिटला होता. "बाईला निम्मा का, ते सांगा की."

मारुतीराव गोंधळले. "मनुबाई, पुरुषाला संसार असतो. बाईला बघणारा कुणीतरी असतोच."

"मला कोण हाय बघणारं?"

मारुतीरावांनी टेबलावरचे कागद सरळ केले.

"मी बाजारात जोंधळा घ्याया जातो," मनुबाई सावकाश म्हणाल्या, "तवा वाणी काय मला निम्म्या दरानं देत न्हाय. बाई हाय म्हणून मापात एक शेर जास्त घालत न्हाय. आन् लगीन झालेल्या पोरीला तर तुमी कायच देत न्हाय. ती काय शाळेत फुकट शिकवती व्हय?"

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मारुतीरावांचे कान लाल झाले. "भावना ठीक आहेत. पण तरतूद नाही. अंदाजपत्रकाला हा बोजा पेलणार नाही. विचारा हिशेबनिसांना. काय हो, पेलेल का?"

सगळ्यांच्या माना श्रीपालकडं वळल्या. त्याची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. कायम करणारे मारुतीराव त्याच्या शेजारीच बसले होते. त्याला 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मला त्याचं 'नाही' ऐकायचं नव्हतं, आणि 'हो' म्हणून त्यानं पायावर धोंडा पाडून घ्यावा असंही वाटत नव्हतं.

तो उभा राहिला. "पेलंल, साहेब."

मारुतीराव खुर्चीत पुढं सरकले.

"कलेक्टरसाहेबांच्या स्वागताला दगडी कमानीचा खर्च धरलाय," तो म्हणाला. "ती यंदा कापडी केली, तर सगळ्या बाईंना पुरा भत्ता बसतो. लगीन झालेल्यांनाबी. कर वाढवायला नको."

"तुम्हाला कमानीचं कुणी विचारलं?"

"पेलंल का, म्हणून इचारलंत, साहेब. म्हणून सांगितलं."

मनुबाई म्हणाल्या, "मग मत घ्या."

मत घेतलं. एकेक हात वर जायला लागला, काही मनापासून, काही मागच्या बाकांकडं बघून. मारुतीरावांचा हात सगळ्यात शेवटी, पण गेला वर. ती ओळ खोडली गेली. निम्मा हा शब्दही गेला. माझ्या शेजारची विधवा शिक्षिका रडत होती.

मारुतीराव दुष्ट नव्हते, पण मानी होते. श्रीपालची नोकरी त्यांनी घालवली नाही. कायमही केली. फक्त कचेरीतल्या पंख्याखालून उचलून त्याला गावाबाहेरच्या जकात नाक्यावर बसवलं.

गुढीपाडवा जवळ आला होता. मी निपाणीला जाऊन आईसाठी लुगडं घेतलं, कित्येक वर्षांनी नवं. परत येताना नाक्यावर उतरले. चिंचेखाली टेबल, टेबलावर पावतीपुस्तक, आणि उन्हानं रापलेला श्रीपाल. सभेनंतर आम्ही बोललो नव्हतो. तो उठून उभा राहिला.

"पिशवीत काय हाय, बाई?"

"लुगडं."

"गावाबाहेरनं आणलेल्या कापडाला जकात पडती."

"घ्या की."

त्यानं पुस्तक उघडलं, मिटलं. टोपी काढून परत घातली. "त्या दिवशी तुमी रागावून गेलात, ते बरोबर हुतं. मी लिवायलाच नको हुतं."

"नंतर उभे राहिलात ना," मी म्हणाले. "मला तेव्हा किती भीती वाटली, माहीत आहे? तुमची नोकरी..."

"माझ्यापायी भ्यालात?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. चिंचेच्या सावलीत वारा थोडा गार होता. दूरवर एक बैलगाडी येत होती, पण ती अजून लांब होती.

"अंदाजपत्रक तर झालं," तो हळूच म्हणाला. "आता इचारू?"

"एक अट आहे. शाळा सोडणार नाही मी. आणि आई माझ्याजवळ राहील."

"तुमच्या आईला आन् माझ्या आईला एका चुलीवर चटणी करू दे. आपण तेवढं लांब बसू."

मला हसू आवरेना. तो मात्र हसला नाही. तो माझ्या तोंडाकडं बघत उभा होता, सभेत उभा होता तसाच, उत्तर काहीही आलं तरी झेलायच्या तयारीनं.

"हो," मी म्हणाले.

बैलगाडी जवळ आली, गाडीवान ओरडला, "ओ नाकेदार, पावती करताय न्हवं?" श्रीपालनं त्याला हातानंच थांबायला सांगितलं, आणि माझ्या लुगड्याची पावती फाडायला बसला. जकातीचे पैसे त्यानं माझ्याकडून पुरे घेतले. मीही ते पुरे दिले.