खोली सातची तक्रार

ही गोष्ट खोटी ठरावी असं सगळ्यात जास्त मलाच वाटतं, कारण ती माझ्या सख्ख्या मामाची आहे. पण ती खरी आहे. वार बुधवार, भर दुपारचे अडीच. जागा, मामाच्या कॉलेजातली स्टाफची घरं, खोली नंबर सात.

मामा कॉलेजचं नेटवर्क सांभाळतो. हुशार, पण हाडाचा आळशी. नेटची तक्रार आली की हा जागचा हलायचा नाही. खुर्चीतूनच 'तपासले, ठीक आहे' लिहून तक्रार बंद. बहुतेक वेळा नेट आपोआप सुरू व्हायचंही, त्यामुळे साहेबांचं फावलं होतं.

सात नंबरमध्ये गणिताचे म्हातारे सर एकटे राहायचे. तिथे मोबाईलला रेंज नाही. फोनसुद्धा वायफायवरूनच. ऐन सुट्टीत त्यांची तक्रार आली.

"नेट जातंय. मुलीला फोन लागत नाही. बरं वाटत नाहीये. कुणीतरी या."

मामाने पहिले दोनच शब्द वाचले.

तपासले, ठीक आहे.

सहाव्या दिवशी वासामुळे दार फोडावं लागलं.

मामाने ती तक्रार गुपचूप पुसून टाकली. सरांचं खातंही बंद केलं.

आणि त्या बुधवारी तक्रारींच्या यादीत नवी ओळ आली...

खोली सात. "कुणीतरी या."

त्याने बंद केली. ती पुन्हा उघडली. तीनदा! कुणाची तरी चेष्टा असणार, म्हणून तो तणतणत शिडी घेऊन निघाला.

खोली धुऊन रिकामी केलेली. छताला फक्त वायफायचा डबा. हिरवा दिवा लुकलुकतोय.

त्याने झाकण काढलं...

आत पिवळट, चिकट, कोमट लगदा. फुटलेल्या गळवासारखा. तो ओघळत त्याच्या कोपरापर्यंत आला. त्यात पांढरे केस... आणि वळवळणाऱ्या अळ्या.

मामा शिडीवरच भडाभडा ओकला.

उतरताना त्याला दिसलं... डब्याची वायर कधीच तोडलेली होती.

व्हरांड्यातल्या नळावर त्याने साबणाने हात खरवडून धुतले. तोंड धुतलं. ऑफिसात आला, तर सरांची मुलगी बसलेली. वडिलांचं सामान न्यायला आली होती.

"दादा, एकच विचारते. बाबांनी शेवटी कुणाला हाक मारली नसेल का हो?"

खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. पण बाईच्या जिवाचा घोर तरी मिटला असता.

"नाही ताई," मामा म्हणाला. "आमच्याकडे काहीच आलं नव्हतं."

ती झटकन मागे सरकली. तिने नाकाला रुमाल लावला.

त्याच्या हातांना साबणाचाच वास होता.

घाण तोंडातून येत होती...

दाताच्या डॉक्टरला काही सापडलं नाही. पोटाच्याही नाही. मामी आता दुसऱ्या खोलीत झोपते. मला मामाची कीव येत नाही, किळसच येते, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय.

परवा मी म्हणालो, "मामा, त्या ताईंना फोन कर. खरं काय ते सांगून टाक."

"काय सांगू?" तो म्हणाला. "काही आलंच नव्हतं रे..."

मी श्वास रोखून खिडकी उघडायला उठलो.