हात खाली येईपर्यंत

बसा हो. दिवा राहू दे तिथेच, पोरगी आत पडलीय.

दादाचा चष्मा आणायला मी मंगळवारी दुपारी सभागृहात गेलो होतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, एकतीस वर्षं आमच्या वाद्यवृंदाचा संचालक. मी मात्र व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत. "सख्ख्या भावाला पुढे बसवलं तर लोक तोंडात शेण घालतील," म्हणायचा.

त्याचा एकच नियम कडक. शेवटचा सूर विरला तरी त्याचा हात खाली येईपर्यंत कुणी हलायचं नाही. व्हायोलिनचा गज खाली नाही. फुंकणाऱ्यांनी श्वाससुद्धा घ्यायचा नाही. "शांतता पण वाजवावी लागते, गाढवांनो!" महिन्यापूर्वी तालमीत सूर संपला आणि त्याचा हात वरच राहिला. डाव्या हाताने कठडा धरून उभ्या उभ्याच गेला तो. आम्ही सत्तर माणसं मुकाट वाट बघत बसलो. एकानेही नियम मोडला असता तर कदाचित दादा वाचला असता. हे मला जन्मभर छळणार.

तर, मंगळवारी नव्या संचालकाची तालीम चालू होती. आलोच आहे म्हणून तिथलंच एक व्हायोलिन घेऊन मीही जागेवर बसलो. पुढे माझी लेक, फ्लूटवर. सूर संपला. नव्या संचालकाने हात खाली घेतला. कुणीच हललं नाही.

"छान... झालं की," तो म्हणाला. "अहो, झालं..."

माझाही गज हवेत. दादा खांद्याला चोळायचा त्या मलमाचा वास यायला लागला. लेकीचे ओठ निळे पडत होते. पोरी, श्वास घे... ओरडायचं होतं, पण जीभ टाळ्याला चिकटलेली. बाप असून मी नुसता बघत राहिलो. ती कोसळली, तेव्हा कुठे सगळे गज एकदम खाली आले.

शुद्धीवर येताच म्हणाली, "बाबा, काका हात खाली घेतच नव्हते..."

तेव्हापासून तिला घरीच ठेवलीय. पण परवा वरच्या मजल्यावरचा रेडिओ थांबला आणि ती हातात चमचा धरून, श्वास रोखून तशीच उभी. मी खुर्चीत तसाच. शेजारीण विरजण मागायला आली, तिने पोरीला हलवलं, म्हणून निभावलं.

म्हणूनच तुम्हाला बोलावलं, डॉक्टर. तुम्हाला सुराचा गंधही नाही, तुम्हाला हलता येईल. ऐका, लागलाय रेडिओ. थांबला की आत जा आणि तिला गदागदा हलवा. माझ्याकडे बघू नका.

संपतच आलंय आता... डॉक्टर, उठा ना... हा मलमाचा वास...

अहो, तुम्ही हात का वर केलात?